मागचा स्क्रू

मी, धंद्याने बंदुका दुरुस्त करणारा, वय एकोणसत्तर, पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवतो. दडपण आहे ते माझ्याच मनाचं. ते कलमात घ्यायला वकिलांनी नकार दिला.

१. राहतं घर पत्नीला. गळका नळ तिनेच दुरुस्त करून घ्यावा, मी वीस वर्षं 'उद्या' म्हणत आलो.

२. लेथ, कानशी आणि वाइस मुलीला. तिचा हात माझ्याहून स्थिर आहे. रायफल क्लबच्या सेक्रेटरीला साधा पानाही देऊ नये. 'अपघाताचा अहवाल लवकर उरका' म्हणून तोच मागे लागला होता. पण अहवाल लिहिला मी.

३. जुनी बोल्टची टार्गेट रायफल. अकरा वर्षांपूर्वी धाकट्या भावाने रेंजवर तिचा बोल्ट बंद केला आणि गोळी सुटली. निशाण्याजवळ गुण टिपणाऱ्या मार्करचं उजवं कोपर फुटलं. "दादा, आईशप्पथ, ट्रिगरला बोट लावलंच नव्हतं," धाकटा म्हणाला. मी म्हणालो, "मग काय आपल्या मनाने सुटली?"

क्लबने तपासणी माझ्याकडेच दिली. माझी सवय अशी, की आधी लाकडी दस्ता उतरवायचा, मग यंत्रणा वाइसमध्ये धरायची. दोनशे वेळा बोल्ट मारला, एकदाही चूक नाही. 'रायफल निर्दोष' असं लिहून दिलं. क्लबने धाकट्याला काढलं. त्याने माझं तोंड पाहणं सोडलं.

गेल्या महिन्यात कंबर धरली होती, म्हणून आळसाने दस्ता न उतरवताच बोल्ट मारला. पाचव्या खेपेला फायरिंग पिन आपोआप सुटली. दस्ता उतरवला, बिघाड गायब. दस्त्याचा मागचा स्क्रू अर्धं सूत जास्त लांब होता. आवळला की टोक ट्रिगरच्या खटक्याला टेकायचं. तो स्क्रू अपघाताच्या आदल्या आठवड्यात मीच बदलला होता. मला स्वतःची लाज वाटते. क्लबला आजच खरं कळवलं आहे. रायफल पोलिसांत जमा करावी.

४. धाकट्याला मी काहीही ठेवत नाही. ज्याला वारसा मिळतो त्याने साक्षीदार होऊ नये, असं वकील सांगतात, आणि मला त्याची सही हवी आहे. साक्षीदाराला माझ्यासमोर यावं लागतं. "अहो, दुसरा कुणीही चालेल की," वकील म्हणाले. मला चालणार नाही. तो आला नाही तर हा कागद रद्दी समजावा.

साक्षीदार पहिला: मार्कर. रोज येऊन बसतो. सही डाव्या हाताने करील.

साक्षीदार दुसरा:

ठिकाण: माझं वर्कशॉप. दार उघडं आहे.

दिनांक: धाकटा येईल तो.