डॉक्टर नसलेला भाऊ

दि. ४ नोव्हेंबर

ती. स्व. ताईस,
सा. न. वि. वि.

परदेशातल्या या वृद्धाश्रमातलं काम माझ्या अंगवळणी पडलंय, मी मात्र इथल्यांच्या अजून पडलो नाही. घंटी वाजली की मी आत जातो, आणि आजोबा माझ्या खांद्यावरून मागे बघत विचारतात, नर्स कुठे आहे. मीच, म्हटलं की विचारतात, दिवा बदलायला आलास का. परवा एकांचा दिवा खरंच बदलून दिला.

सात नंबरच्या बाई निवृत्त मुख्याध्यापिका आहेत. आंघोळीला पुरुष नको, हे त्यांचं म्हणणं मला पटतं. पण सूपची वाटीही माझ्या हातून नको. लाँड्रीवाल्या गोऱ्या गड्याच्या हातून चालते. त्याच्या हाताला साबणाचा वास येतो, त्याची तक्रार नाही.

घरी मला लाडाने काळू म्हणायचे. इथे तेच चालतं, फक्त लाड वगळून. दिवसभर माणसांत असतो आणि संध्याकाळी खोलीवर आल्यावर ध्यानात येतं, आज कुणी नावाने हाक मारली नाही.

आईला सांग, वेळेवर जेवतो. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
काळू

दि. १९ नोव्हेंबर

चि. भावास,
अनेक आशीर्वाद.

बाबांच्या मागे हार्डवेअरचं दुकान मी चालवतेय त्याला सहा वर्षं झाली, तरी गिऱ्हाईक डोकावून विचारतंच, कुणी माणूस नाही का. काल एकाला म्हटलं, आहे की, गल्ल्यावर बसलंय. त्याने नळाचा वॉशर घेतला आणि कसा बसवायचा ते मलाच समजावून सांगितलं. उलटा सांगितला. मी पैसे मोजून घेतले, येईल परत.

तुझं ‘काळू’ वाचून हसले, मग हसू गेलं. शाळेच्या नाटकात मी गोरी म्हणून राणी आणि तू पहारेकरी, यात तेव्हा कुणालाच काही वाटलं नव्हतं. मलाही नाही.

एक कबुली देते. आई सगळ्यांना सांगते की तू डॉक्टर आहेस. शेजारच्या काकूंनी विचारलं तेव्हा मीही मान हलवली. पुरुष असून बेडपॅन उचलतोस, हे सांगताना जीभ अडखळली. ज्या गिऱ्हाइकांना नावं ठेवते, त्यांच्यातलीच मी एक.

रागाव, पण पत्र धाड.

तुझी,
ताई

दि. २ डिसेंबर

ती. स्व. ताईस,
सा. न. वि. वि.

सात नंबरच्या बाई सोमवारी सकाळी गेल्या. मजल्यावर मी एकटाच, दुसऱ्या नर्सबाई यायला दोन तास होते. अंग पुसून स्वच्छ कपडे घालायचे, अशी पद्धत. मी पाणी आणलं, टॉवेल आणला आणि थांबलो. जिवंतपणी नको म्हणाल्या होत्या. मेल्यावर विचार बदलला असेल, असं मी कसं धरून चालू? खुर्ची ओढून बसलो. पाणी गार झालं, दुसरं आणलं. त्यांच्या पुतण्याने फोनवर सांगितलं, सामान कुणाला तरी देऊन टाका. स्वतः आला नाही.

दोन तास आम्ही दोघंच. पहिल्यांदाच त्यांनी मला बाहेर जा म्हटलं नाही. ताई, याला सोबत म्हणायची पाळी आली माझ्यावर.

डॉक्टरचं मनाला लावून घेऊ नकोस. बसमध्ये कुणी विचारलं तर मीही म्हणतो, दवाखान्यात असतो. पुढचं गिळतो.

आठवण ठेव.

तुझा भाऊ

दि. १७ डिसेंबर

चि. भावास,
अनेक आशीर्वाद.

शेजारचे काका जिन्यावरून पडले, तीन आठवडे अंथरुणात आहेत. पाठीला जखमा व्हायला लागल्यात. काल काकू आल्या, तुझ्या डॉक्टर भावाला विचार म्हणाल्या. मी सांगून टाकलं, तो डॉक्टर नाही, नर्स आहे. आईने भिंतीकडे तोंड केलं. काकू म्हणाल्या, “मग तर बरंच झालं. दोन डॉक्टर बघून गेले, पण यांना कुशीवर वळवायचं कसं, ते एकानेही सांगितलं नाही.”

तर नीट लिहून पाठव. आई माझ्याशी बोलत नाही. पण पत्र आजच टाक, असं तिनेच बजावलं.

तुझी,
ताई

दि. २८ डिसेंबर

ती. स्व. ताईस,
सा. न. वि. वि.

हे काकूंना वाचून दाखव. दर दोन तासांनी कूस बदलायची. आधी काकांना सांगायचं, आता वळवतेय. न सांगता हात लावायचा नाही. पलीकडचा गुडघा दुमडायचा, एक हात खांद्यामागे, एक कमरेमागे, आणि आपल्याकडे ओढायचं. पाठीशी उशी. जखम चोळायची नाही, डॉक्टरांना दाखवायचीच. काकूंना एकटीला झेपणार नाही, तू जात जा.

काही राहिलं तर नाही ना, म्हणून लिहिता लिहिता खोलीत उशीला दोनदा वळवून पाहिलं.

काकांचं लगेच कळव. आणि आणखी काही अडलं तर विचार. नाही अडलं तरी विचार.

तुझा भाऊ