कडवी खिचडी

इंदापूर,
शुक्रवार, १४ नोव्हेंबर २०२५

ती. शबाना फुफूंस,
सबिनाचा सलाम, वि. वि.

तुम्ही मला पाहिलेलं नाही. मी तुमच्या भाच्याची, मुजम्मिलची बायको. गेल्या वर्षी पेणहून या घरात आले. तुमच्या फोनवर आमच्या घरातला एकही नंबर लागत नाही, म्हणून दुकानात आलेल्या माळेगावच्या गिऱ्हाइकाच्या हाती ही चिठ्ठी देते आहे. घरात कुणाला सांगितलेलं नाही.

तुमचे भाई, आमचे अब्बा, हृदयाच्या दुखण्यानं बारामतीच्या दवाखान्यात होते. तिथं सारखं तुमचंच नाव घ्यायचे. काल त्यांना घरी आणलं. आता कसलाही त्रास नाही, चेहरा अगदी शांत आहे. आज कडवी खिचडी आहे. जुम्म्याच्या नमाजीनंतर जवळचे सगळे जमतील. तुमचं दोघांचं जे काही असेल ते असो, पण आज तुम्ही यायला हवं असं मला वाटतं.

घाईत लिहिलं आहे, सांभाळून घ्यावं.

तुमच्या वाटेकडे डोळे लावलेली,
सबिना


माळेगाव बुद्रुक,
रविवार, १६ नोव्हेंबर

चि. सबिनास,
दुआ द्यावी का न द्यावी ह्याच्यात दोन दिस गेले. शेवटी दिली. बाकी कागद रागाचा हाय, बसून वाच.

बाई, तुज्या माहेरी काय म्हणत्यात मला ठाव न्हाय. आमच्यात कडवी खिचडी एकदाच हुती, घरातलं माणूस गेल्यावर. त्या घरात चूल पेटत न्हाय, मग जवळची माणसं बिनफोडणीची खिचडी शिजवून नेत्यात. तिला कडवी म्हणत्यात. आन् तू लिवतीस, घरी आणलं, त्रास न्हाय, चेहरा शांत, कडवी खिचडी हाय, नमाजीनंतर सगळे जमणार. ह्याच्यातनं शहाण्या माणसानं काय समजायचं, तूच सांग.

आठ वर्सांमागं माजे मालक गेले, तवा फारुकभाई दुकानाला भांडी आणाया हैदराबादला गेलेला. मातीला पोचला न्हाय, तिसऱ्या दिशी आला. मी दार उघडलं न्हाय. आतनंच सांगितलं, आता मी तुज्या मातीलाच येईन. बोलले ते खरं झालं, असं मनाला लागलं. तरी बहिणीचं काम चुकवू नये, म्हणून खिचडी टाकली आन् पातेलं मांडीवर घिऊन अनसच्या गाडीत बसले. माजा लेक गाडी चालवत हुता. भवानीनगरापाशी उसाच्या ट्रॉल्या म्होरं, वाट मिळंना. तोंड बघायच्या आदी भाईला उचलत्याल ह्या धसक्यानं मी त्या ट्रॅक्टरवाल्याला नको नको ते बोलले.

तुमच्या दारात चपलांचा ढीग, टोप्या घातलेली माणसं. मी उंबऱ्यातच बसले आन् गळा काढला. काय काय बोलले ते समद्यांनी ऐकलं. ल्हानपणी सायकलवर घिऊन पळसदेवला धरणाच्या पाण्यातनं वर आलेलं देऊळ दाखवाया न्यायचा, ते बोलले. दर ईदला त्याच्या नावाची शीरखुर्म्याची वाटी काढून ठिवती, तेबी बोलले. आन् मयत आतल्या खोलीतनं चालत भाईर आली, दाढीला भाताचं शीत.

मला मेलेल्या भावाचं भ्या वाटलं नसतं तेवढं जित्याचं वाटलं. लाजबी अशी वाटली, की पाणी न पिता माघारी फिरले. पातेलं तितंच ऱ्हायलं, ते धाड. आतली खिचडी गुराला घाल. ज्याच्या नावाची ती जिता असताना कुणी ती तोंडाला लावू न्हाय, आन् भाईनं तर न्हायच न्हाय.

माया हाय का न्हाय ते फुडं बघू.

तुजी फुफू,
शबाना


इंदापूर,
मंगळवार, १८ नोव्हेंबर

ती. फुफूंस,
सबिनाचा सलाम. चूक पदरात घ्यावी, वि. वि.

आमच्या पेणला कडवे वाल म्हणून कडधान्य असतं. ते भिजवून, मोड आणून, सोलून तांदळात शिजवायचं, वर ओलं खोबरं. तीच आमच्या घरातली कडवी खिचडी. कडू म्हणाल तर नावालाच. आनंदाच्या दिवशी करतो आम्ही. मुजम्मिलना चिठ्ठीत काय लिहिलं होतं ते सांगितलं, तर ते कपाळाला हात लावून बसले. म्हणाले, यात फक्त कफन आणायचं सांगायचं राहिलं.

आता जे लिहायचं आहे त्याला धीर होत नाही. पातेल्यात काहीच उरलेलं नाही. तुम्ही गेल्यावर अब्बा बराच वेळ दारात उभे होते. मग त्यांनी तुमचं पातेलं उचललं, झाकण काढून वास घेतला, माझी वालाची खिचडी बाजूला सारली आणि तुमची वाढून घेतली. अम्मींनी त्यांचा हात धरला. म्हणाल्या, ही तुमच्याच नावानं आलेली आहे, अल्लाच्या वास्ते खाऊ नका. अब्बा म्हणाले की माझ्या नावाची आहे म्हणूनच खातो, खरंच गेल्यावर मला ही कोण वाढणार होतं. आणि रडत रडत जेवले. कुणाला एक घास दिला नाही. बुडाला लागलेलंसुद्धा खरवडून खाल्लं.

काल अब्बा म्हणाले की शबानाची शपथ फिटली, ती माझ्या मातीला येऊन गेली, आता खरोखर गेलो तरी ती कशाला येईल. फुफू, याचं उत्तर तुमच्याकडेच आहे. म्हणून तुम्हाला विचारते.

तुमच्या शिव्याही गोड मानून घेणारी,
सबिना


माळेगाव बुद्रुक,
शनिवार, २२ नोव्हेंबर

चि. सबिनास,
दुआ, ह्या खेपेला मनापासनं.

खाल्ली? आपल्याच मयतीची खिचडी, आपल्याच हातानं? अनसला कागद दोनदा वाचाया लावला. मौलवीसाहेबांना इचारलं, ते म्हणले असलं काय नसतंय, घरी जा. शेजारच्या फुलाबाईला उतारा इचारला. ती म्हणली, अगं, मेलेल्यानं येऊन जेवल्याचं कुणी ऐकलंय का, उतारा कुठनं आणू.

मला मात्र येगळंच आठवलं आन् रडू फुटलं. सबिना, त्या खिचडीत मीठच नव्हतं. गडबडीत घालायचं ऱ्हायलं. तसली अळणी खिचडी त्यानं खरवडून खाल्ली.

आन् तुलाबी सांगते, दवाखान्यातनं आलेल्या म्हाताऱ्याला वाल घालत्यात व्हय? वातूळ असत्यात ते. येत्या जुम्म्याला मी येती. तुज्या हिशेबानं वाल भिजत घाल, सोलाया मी बसते. त्याला किती वाढायचे ते मी सांगीन.

भाईला सांग, त्याच्या मातीला मी येऊन गेले, रडून झालं, त्याचं खाऊनबी झालं. आता दुसऱ्यांदा ते माज्यानं व्हायचं न्हाय. तवा त्यानं माज्या मागं जितं ऱ्हायचं. माजी कडवी खिचडी घिऊन त्यानंच माळेगावला यायचं. आन् ह्या खेपेला येळंवर.

लोभ तिकडंच ठिव, मी येऊन घेती.

तुजी फुफू,
शबाना