आजी पैनगंगेपलीकडं राह्यली

११ जाने., रविवार
पुसदहून पहिल्या यष्टीनं तांड्यावर. मोठे काका पंच्याऐंशीचे झाले. रझाकारीत अख्खा तांडा निजामाच्या मोगलाईतून नदी उतरून इकडं आला अन् आजी पलीकडंच राह्यली. बाबा तेव्हा तान्हे. "मायले कोणी सोडलं?" हेच विचारत गेले बिचारे जन्मभर. पाहणारा आता एकटा काकाच उरला.
काका म्हणे, "ज्याचं नाव घ्याचं त्याच्या घरचा माणूस समोर पाहिजे, बेटी. पाठीमागं नाव घेत नसतात."
म्हणजे कोणीतरी आहे. तांड्यातलंच.

१८ जाने.
अर्धा तांडा ऊसतोडीले. तांड्याच्या प्रमुखाले, नायकाले, उसाच्या फडात व्हिडिओ कॉल लावला. काकानं फोन पालथा ठेवला. "माणूस पाहिजे. फोटो नाही."
मग मी, मोठी शहाणी मास्तरीण, पदराखाली रेकॉर्डिंग लावून पुन्हा विचारलं. त्यांनी पाह्यलं. ताटावरून उठून गेले. लाज वाटली. राग त्याच्याहून जास्त.

८ फेब्रु.
तिसरा रविवार. नाही गेली. मीच रुसून बसली, वा रे वा.

१७ फेब्रु.
वहिनीचा फोन. काकाले लकवा, वाचा गेली. यवतमाळले नेलं. मले ओळखलं, डोळ्यातून पाणी. तोंडातून नुसती घरघर. डॉक्टर म्हणे, बोलणं येईन का, सांगता येत नाही.
काहून नाही गेली मी? पाय धरले असते तर...

४ मार्च
होळीले सारे परतले. बैठक भरली, काकाले पाहिजे होती तशीच, एक घर कमी नाही. त्यांना खाटेसकट आणलं. नायकानं रीतीनं विचारलं, "सांगा दादा, कोणापायी राह्यली?"
ओठ हलले फक्त. मग डावा हात उचलला. बोट तसंच धरलं, लई वेळ. तिकडं नदी. नदीच्या अलीकडं नायकाचं घर.
नायक म्हणे, "नदी दाखवून राह्यले. पुरात गेली असंन बिचारी." सारे म्हणे, हो, नदीच. काकाची मान हालत होती. नाही म्हणत होते की लकव्यानं, देव जाणे. मी नायकाच्याच घरचा चहा पीत होती.
लोक उठले. मी काकाचा हात खाली घ्याले गेली. घेऊ देईनात.