अक्षरं मोठी करत गेलो तो उन्हाळा

मॅडम,

आज सेलूला गेले होते. मावसभावाच्या मुलीचं बारसं होतं. जेवणं झाल्यावर बाया गप्पा मारत बसल्या आणि मी चपला घालून तुमच्या गल्लीत गेले. तुमच्या घरातल्या समोरच्या खोलीत आता साड्यांना फॉल-पिको करून देणारी एक बाई बसते. दाराशी उभी राहिले तर मशीन थांबवून म्हणाली, "काय पायजे ताई?" मी म्हटलं, "काही नाही. इथं आधी कम्प्युटरचा क्लास होता." ती म्हणाली, "असंन. मले नाई माहीत." आणि मशीन परत सुरू केली. तिचं काय चुकलं? पण वर्ध्याला परत येताना बसमध्ये मला सारखं वाटत राहिलं, की कुणाशी तरी तुमच्याबद्दल बोलावं. घरी आले, चहा केला, आणि बोलायला तुम्हीच सापडलात.

तुम्हाला आठवतं का, बाबा मला पहिल्यांदा घेऊन आले तो दिवस? बाजारात भाजी विकून येत होते. गाडीच्या मागे रिकामी टोपली बांधलेली, तिला सांभाराची, म्हणजे कोथिंबिरीची, पानं चिकटलेली, आणि त्या टोपलीच्या आणि बाबांच्या मध्ये मी. बारावी कशीबशी पास झाले होते. बाबा तुम्हाला म्हणाले, "टायपिंग शिकवा मॅडम हिले. कुठं दवाखान्यात, बँकेत चिकटून जाईन." तुम्ही बाबांकडे न बघता मला विचारलं, "तुले काय वाटते?" तोवर मला असं कुणी विचारलं नव्हतं, त्यामुळे उत्तर तयार नव्हतं. तुम्ही म्हणालात, "बरं. बस इथं. उत्तर सापडलं का सांगजो."

टायपिंग लवकर आलं. मग एक दिवस तुम्ही माझ्यापुढे स्क्रीनवर वेबसाइटचं एक उघडंबोडकं पान ठेवलं. पांढऱ्यावर काळा मजकूर, कसलीच शोभा नाही. म्हणालात, मजकूर हा असा असतो, आणि त्याला कपडे घालायचं काम सीएसएसचं. एक ओळ टंकायला सांगितली, आणि वरचं शीर्षक एकदम वांग्याच्या रंगाचं झालं. मी म्हटलं, "अजून एकदा?" तुम्ही इतक्या हसलात, की तुमचे मिस्टर, आम्हा पोरींचे काका, स्वयंपाकघरातून बघायला आले. पुस्तक मागितलं तर म्हणालात, "पुस्तक नंतर. आधी माणूस शोध. ज्याचं पान करायचं तो माणूस." म्हणून माझं पहिलं पान बाबांच्या भाजीचं झालं. सगळी वांगी एकमेकांना चिकटलेली, चौकटीबाहेर सांडलेली. तेव्हा तुम्ही शिकवलं, की पॅडिंग म्हणजे घराच्या आतली मोकळी जागा आणि मार्जिन म्हणजे आपल्या घरात आणि शेजारच्या घरात सोडलेली. आज मी वर्ध्यात बसून नागपूरच्या कंपनीसाठी हेच काम करते, रविवारी चार पोरींना शिकवतेही, आणि त्यांना याहून सोपं मला अजून सांगता आलेलं नाही.

दुसरं पान बसस्टँडजवळच्या तर्री-पोह्यांच्या हॉटेलचं. मालकाला दाखवलं तर तो म्हणाला, "हे तर टमाट्याचं सार दिसून राह्यलं. माह्या तर्रीचा रंग असा नाई." मी तुमच्याकडे तक्रार घेऊन आले. तुम्ही म्हणालात, "मंग जा. प्लेट समोर ठेव, नीट पाह्य, आणि रंग जुळेपर्यंत येऊ नको." मला वाटलं, किती कडक बाई आहे. तो लाल रंग तुम्हाला स्वतःला दिसत नव्हता, म्हणून मला परत पाठवलं होतं, हे कळायला अजून बराच वेळ होता.

आणि ते रागावणं. कुठल्यातरी परदेशी पानावर मी पाहिलं होतं, की पांढऱ्यावर फिकट राखाडी, बारीक अक्षरं काय नाजूक दिसतात. कासाराच्या दुकानाचं पान मी तसं केलं आणि मोठ्या तोऱ्यात तुमच्यापुढे ठेवलं. तुम्ही तोंड स्क्रीनच्या अगदी जवळ नेलं. मग मागे झालात आणि सगळ्या पोरींसमोर म्हणालात, "काऊन गं, अक्षरं लपवून राह्यली का? लोकाईले वाचाले दिलं का नुसतं मिरवाले? काढ हे." त्या दिवशी सायकलवरून घरी जाताना मी रडले. आईने विचारलं तर डोळ्यात कचरा गेला म्हणाले. दुसऱ्या दिवशी अक्षरं काळी केली, पण तुमच्याशी दोन दिवस नीट बोलले नाही.

मग तो उन्हाळा आला. दुपारी तुमच्याकडे फक्त मी असायची. बाकीच्या पोरी ऊन उतरल्यावर संध्याकाळी यायच्या. काका त्यांच्या हार्डवेअरच्या दुकानात. तुम्ही स्वयंपाकघरातून भेंडी चिरत मला सांगायच्या, मी इकडून ओरडून विचारायची. एकदा तुम्ही हात पुसत येऊन माझ्या शेजारी बसलात. मी कासाराच्या पानावरच काहीतरी करत होते. तेवढ्यात लाइट गेली. पंखा इन्व्हर्टरवर होता, तो फिरत राहिला. कम्प्युटर नव्हता. स्क्रीन काळी झाली, आणि तुम्ही त्या काळ्या स्क्रीनवर बोट ठेवून म्हणालात, "हे शीर्षक जरासं वर घे. आणि इथं बांगड्याईच्या खाली जागा सोड."

मी तुमच्या तोंडाकडे बघितलं. तुम्ही अजून बोलतच होतात. शेवटी हळूच म्हटलं, "मॅडम, लाइट गेली आहे. स्क्रीन बंद आहे." तुमचं बोट तिथंच राहिलं. नंतर तुम्ही ते खाली घेतलं आणि म्हणालात, "पंखा तर चालू आहे ना." मग पदराने चष्मा पुसलात. पुसून काय होणार होतं?

त्या दुपारी तुम्ही सांगितलंत. साखरेचा आजार जुना होता. डावा डोळा गेलाच होता. उजव्यात धूर भरल्यासारखं झालं होतं. सेवाग्रामच्या दवाखान्यात जाऊन लेझर करून घेतलं होतं, त्याने जेवढं राहायचं तेवढं राहिलं. काकांना माहीत होतं की कमी दिसतं, किती कमी ते नाही. "काऊन नाही सांगितलं?" मी विचारलं. तुम्ही म्हणालात, "सांगितलं तर क्लास बंद कर म्हनतीन. आन् ज्या बाईले दिसत नाई तिच्यापाशी कोन पोरगी पाठवते कम्प्युटर शिकाले? मंग मी दिवसभर करू काय?" मग माझा हात धरून, "कोनाले सांगू नको."

मी नाही सांगितलं. त्यानंतर मी रोज क्लासच्या आधी यायला लागले. प्रत्येक पोरीचं पान उघडायचं आणि तुम्हाला तोंडी सांगायचं. पहिल्या दिवशी मी म्हटलं, "छान दिसतं मॅडम." तुम्ही चिडलात. "छान म्हणजे काय? वर काय, खाली काय, कोन कोनाच्या किती जवळ, ते सांग." मी सांगत गेले, तुम्ही डोळे मिटून ऐकत गेलात आणि पान तुमच्या डोक्यात उभं राहत गेलं. मग क्लास भरला की तुम्ही एकेकीच्या मागे उभं राहून सांगायच्या, तुझा फोटो उजवीकडं रेटला गेला आहे, तुझ्या ओळी दाटल्या आहेत. कुणालाही संशय आला नाही. माझं खरं शिक्षण त्या महिन्यांत झालं. पण तेव्हा मला शिकल्यासारखं वाटत नव्हतं, भीती वाटायची. सांगण्यात माझी एक चूक झाली, तर तुमची फजिती होणार होती.

तुमचा मुलगा मालवाहू जहाजावर होता. फोन लागायचा नाही. बंदराला लागलं की त्याचा मेल यायचा, लांबलचक, मराठीत, आणि प्रत्येकाची सुरुवात एकच: "आई, जेवलीस का?" तो मेल काका वाचून दाखवायचे, पण तुमची तक्रार होती, "तुहे काका मेल वाचत नाईत, सारांश सांगतात. मजेत आहे म्हनते, बस. मले त्याचं सगळं पायजे." एका दुपारी तुम्ही म्हणालात, "माह्यासाठी एक पान कर. मले सोताले वाचता येईन असं." आजवर हजार पानं केली असतील, पण तसं काम मला पुन्हा कुणी दिलं नाही.

आधी नेहमीसारखं केलं, फक्त अक्षरं दुप्पट. तुम्ही मान हलवली. मग पार्श्वभूमी काळी केली, अक्षरं पिवळी. तुम्ही म्हणालात, "हां, आता काहीतरी हलून राह्यलं." ओळींमधलं अंतर वाढवलं. वेलांट्या-उकार एकमेकांत अडकत होते म्हणून दुसरा फॉन्ट शोधला. आणि एके दिवशी तुम्ही त्याचा मेल वाचलात. एकेक शब्द, बोट ठेवून, पहिलीतल्या मुलीसारखा. ब्राझीलच्या बंदरावर त्याला आपल्यासारखी संत्री दिसली होती, पण आंबट निघाली, इतकंच होतं त्यात. तुम्ही ते दोनदा वाचलंत. मग उठून आत गेलात आणि शिरा केलात. स्वतः खाल्ला नाही, मला मात्र पोट फुटेपर्यंत वाढला.

पंधरा दिवसांनी तुम्ही म्हणालात, "जरासं मोठं कर." मी केलं. मग पुन्हा, "अजून जरासं." सीएसएसमध्ये अक्षराचा आकार हा एक आकडा असतो. तो बदलायला क्षणही लागत नाही. चाळीसचे साठ केले, साठचे शंभर. स्क्रीनवर आधी चार ओळी मावायच्या, मग दोन, मग एक. प्रत्येक वेळी तुम्ही म्हणायच्या, "आता बराबर." आणि प्रत्येक वेळी मला माहीत असायचं, की पुढच्या आठवड्यात बराबर राहणार नाही. मी आकडा वाढवत होते आणि तुमच्या डोळ्यांतलं कमी होत होतं, आणि आपण दोघी त्याबद्दल एक अक्षर बोलत नव्हतो. शेवटी स्क्रीनभर एकच शब्द मावायचा. बाण दाबला की पुढचा. तुम्ही वाचलेला शेवटचा शब्द "जेवलीस" होता. त्याच्या पुढचा "का" तुम्हाला दिसला नाही. तुम्ही थोडा वेळ बघत राहिलात. मग म्हणालात, "बंद कर पोरी." मी म्हटलं, "अजून मोठं करते ना मॅडम." तुम्ही म्हणालात, "मोठं करून काय होते? आता तू वाच."

तेव्हापासून मी वाचायची आणि तुम्ही सांगाल ते उत्तर टाइप करायची. "त्याले सांगायचं नाई का?" असं मी एकदा विचारलं. तुम्ही म्हणालात, "तो पान्यावर आहे. तिथून कसा धावत येईन? नुसता झुरन." दिवाळीला तो सुट्टीवर येणार होता, तेव्हा समोरासमोर सांगणार होतात.

पण त्याआधी तुमची किडनी बिघडली. क्लास बंद झाला. मला नागपूरला काम लागलं. मी सांगायला आले तर तुम्ही तुमचा चांगला मॉनिटर मला दिलात. मी नको म्हणत होते. तुम्ही म्हणालात, "मले आता काय दिसते त्याच्यात? घेऊन जा. आन् त्याच्यावर पिच्चर पाहू नको, काम करजो." बाबांनी तो वांग्यांच्या क्रेटमध्ये, गोधडीत गुंडाळून, टेम्पोतून आणला. रस्ताभर एक हात त्याच्यावर ठेवून बसले होते. घरी आल्यावर म्हणाले, "मॅडमनं तुले पोरीसारखं केलं." बाबा अशी वाक्यं फारशी बोलत नाहीत.

तुम्ही गेलात ते बाबांनीच फोनवर सांगितलं. मी पोचले तोवर सगळं आटोपलं होतं. मुलगा आला होता, दिवाळीच्या आधीच यावं लागलं त्याला. समोरच्या खोलीत कम्प्युटर कापडाने झाकलेले, आणि तो तिथंच जमिनीवर बसलेला. काकांनी माझी ओळख करून दिली. तो म्हणाला, "ते मेल तुम्ही लिहायच्या?" मी म्हटलं, "टाइप मी करायची. शब्द त्यांचे होते, सगळे." तो म्हणाला, "मला कळलंच नाही. मी उगाच लांबलचक लिहायचो." मी त्याला तुमचं ते पान दाखवलं. काळ्यावर पिवळं. त्याने बाण दाबून एकेक शब्द पुढे नेला. "जेवलीस" आला तेव्हा मी सांगितलं, की इथपर्यंत. तो कितीतरी वेळ त्या शब्दासमोर बसून होता. मी आत काकांजवळ जाऊन बसले.

मॅडम, हे कुठल्या पत्त्यावर टाकायचं नाही, ते मला कळतं. उद्या सकाळी घडी करून कपाटात ठेवीन. पण एक सांगायचं राहिलं.

नागपूरला जायच्या आदल्या दिवशी तुम्ही अंगणात उन्हात बसला होतात आणि एकाएकी म्हणालात, "तू आली तवापासूनच मले धूसर दिसे. तुहं तोंड मी कधी नीट पाह्यलंच नाई. कशी दिसतेस गं तू?" मी गडबडले. म्हणाले, "तुमच्यासारखीच दिसते मॅडम थोडी. सगळे म्हणतात." तुम्ही "असं का?" म्हणालात, आणि खूश होऊन माझ्या कपाळावरून, मग नाकावरून हात फिरवलात.

तसं कुणीच कधी म्हटलं नव्हतं. तुम्ही उंच, गोऱ्या, रुंद कपाळाच्या. मी तर सगळी बाबांवर गेले आहे.