ईवान ॲप ग्विलिम

जनाबिया, बहरीन
१२ जानेवारी २०२५

ती. बाबांस, भक्तीचा सा. न.

माझा फोन वाजला की तुम्ही खळ्यात निघून जाता, असं आई म्हणाली. म्हणून इथून गावी ये-जा करणाऱ्या सागरदादाबरोबर हे पत्र देतेय. लग्नासाठी ईवानची माहिती पाठवून महिना झाला. आमच्या शाळेत संगीत शिकवतो, पोरांचा लाडका आहे. जूनअखेर त्याचा करार संपतो, मग तो वेल्सला परत जाईल. मी इथे कामात चुका करतेय, चहात मीठ घालतेय. नाही म्हणायचं तर नाही म्हणा, पण काहीतरी लिहा.

राग उतरेल तेव्हा लोभ वाढवावा.
भक्ती

सावंतवाडी
२६ जानेवारी

चि. भक्तीस अनेक आशीर्वाद.

राग नाही, धास्ती आहे. तू पाठवलेल्या कागदावर मुलाच्या नावातच ॲप लिहिलंय. शेजारच्या मथुराच्या मुलीने असंच ॲपवर जमवलं, तो लग्न झालेला निघाला. निदान तू लपवलं नाहीस. पण मध्ये बापाचं नाव लिहायचं तिथे फोनमधल्या दुकानाचं नाव? अशा इंग्रजाच्या घरी मुलगी कशी द्यायची? दोन लाकडी घोडे रंगवायचे होते, दोघांचेही डोळे बिघडले.

तब्येत सांभाळ. मीठ भाजीत घाल.
बाबा

जनाबिया
९ फेब्रुवारी

ती. बाबांस सा. न.

आधी पोट धरून हसले, मग रडले. अहो, ॲप म्हणजे वेल्श भाषेत ‘चा मुलगा’. ग्विलिमचा मुलगा ईवान. मधे बापच आहे, आपल्यासारखाच! पूर्वी त्यांच्यात आडनावंच नव्हती. मुलामागे बाप, बापामागे आजा, अशी नावांची माळ. इंग्रजी कारभारात आडनावं चिकटली. याच्या वडिलांनी मुलाला पुन्हा जुन्या रीतीने नाव दिलं. आणि त्याला इंग्रज म्हणू नका, जेवणावरून उठेल. त्याच्या खापरपणजोबांनी शाळेत वेल्शमध्ये तोंड उघडलं, तर मास्तरांनी शिक्षा म्हणून गळ्यात लाकडाचा तुकडा अडकवला होता.

सोबत एक चमचा पाठवतेय. त्यांच्याकडे मुलगा एकाच लाकडातून असा साखळीसकट चमचा कोरून मुलीला देतो. तिने ठेवून घेतला तर होकार. मी अजून ठेवून घेतलेला नाही. तुम्ही परत पाठवलात, तर मी त्याला परत करीन. हे मी त्याला सांगितलंय. तो ‘इंशाल्ला’ म्हणाला.

वाट बघतेय, एवढंच.
भक्ती

सावंतवाडी
२ मार्च

चि. भक्तीस अनेक आशीर्वाद.

चमचा परत पाठवतोय. सागर देईल.

पोराच्या गळ्यात लाकूड अडकवायचं, हे वाचून मला दोन दिवस पटाशी धरवेना. मग चमचा भिंगाखाली घेतला. साखळीची तिसरी कडी वाकडी आहे, घाई केलीय. दांड्याजवळ रक्ताचा डाग घासलेला दिसतो, म्हणजे बोट कापून घेतलं. पण जोड कुठेच नाही. डिंक नाही, खिळा नाही. बाजारातून आणलेला असता तर कडी सरळ असती.

आता रडू नकोस, पुढचं वाच. मी परत पाठवला तर नकार, हे तू ठरवलंस. रीत तशी नाही, तूच लिहिलंयस. जिच्यासाठी कोरला तिनेच ठेवून घ्यायचा. बापाच्या फळीवर त्याचं काय काम? ठेवून घे.

मे महिन्यात दोघं या. येताना त्याला आपली हत्यारं आणायला सांग, माझ्या पटाशीला मी हात लावू देत नाही. आई त्याचं नाव रोज म्हणून बघते, ग्विलिमशी अडखळते.

तुम्हां दोघांवर लोभ आहेच.
तुझा,
बाळाजी ॲप सखाराम