शिवेवर न थांबलेली बस

नार्वे, डिचोली
२ जुलै १९९७

चि. महादेव यास भावोजींचे अनेक आशीर्वाद.

परत आल्याबरोबर लिहायला हवे होते, उशीर झाला, माफ कर. रागाच्या भरात दोन कार्डे खरडून फाडली. तुझा गुडघा कसा आहे? माझे पित्त वाढलेले आहे, आणि त्याला कारण तू दिलेले ते प्रवासाचे पुस्तक!

जर्मनीहून तुझ्या भाच्याने, बाबलीने, आम्हा म्हाताऱ्यांना युरोपच्या बससहलीची तिकिटे पाठवली तेव्हा मी बिचकत होतो. तूच म्हणालास, "भावोजी, हे जवळ असले की वाटाड्या नको." मी विश्वास ठेवला. (चौथी शिकलेल्या माणसाला छापलेले खोटे वाटत नाही.) त्यात साफ लिहिले आहे की प्रत्येक देशाच्या सीमेवर बस तासभर थांबते आणि उतारू खाली उतरतात. हे जानकीला वाचून दाखवले मात्र, तुझ्या बहिणीने देशागणिक एक नारळ पेटीत भरला. शिवेवर उतरायचे, तिथली शीव राखणाऱ्या देवाला, राखणदाराला, नारळ ठेवायचा, मी गाऱ्हाणे घालायचे, तिने "व्हय म्हाराजा" म्हणायचे, मगच परक्यांच्या गावात पाऊल. यात चुकले काय? नारळांपायी माझी लोकरीची बंडी घरी राहिली, तरी मी बोललो नाही.

आणि बस थांबलीच नाही! बेल्जियम आले नि गेले. फ्रान्स कधी लागले कळले नाही. ना फाटक, ना शिपाई. (आपल्या पत्रादेवीच्या नाक्यावर भाजीचा टेंपोसुद्धा थांबतो.) मी पुस्तक उघडून ड्रायव्हरच्या नाकापुढे धरले, तर तो हसला. मागून जानकी, "त्याका कित्याक दाखवता? राखणदाराक न विचारता लोकांच्या गावात शिरलो, आता भोगा." मग छत्री हरवली, माझे पोट बिघडले, पॅरिसात पुस्तकातल्या शाकाहारी खाणावळीच्या जागी न्हावी बसलेला निघाला. सगळे राखणदारांचे काम! लिस्बनला पाव कसा मागायचा ते मी पुस्तकात शोधत होतो (ते पानच नव्हते), तोवर ही पोदेराच्या दुकानात शिरून, "पाव" म्हणून, घेऊनही आली. वर मला विचारते, "तुम्ही पाव खातले की पुस्तक?"

शेवटी आतले पान पाहिले. छापले १९७४ साली! अरे, तेव्हा आपला गोवासुद्धा राज्य झाला नव्हता. ते पुस्तक दुसऱ्यांच्या सीमा काय सांगणार? असले पुस्तक वडीलधाऱ्यांना देतात?

तुझा,
निवृत्ती

ता. क. जानकी तिथे फोंड्याला तुझ्याजवळ आहे, तेव्हा तिने सांगितले असेलच की येताना आपल्या शिवेवर मी टॅक्सी थांबू दिली नाही. अरे, पाठ मोडली होती, आणि युरोप पाहून आलेले ते नारळ पेटीच्या तळाशी. मी एवढेच म्हटले, आपलाच राखणदार, उद्या येऊ. तर ती पुढच्या वळणावर उतरली. "पुस्तकात थांबा म्हणून लिवलेला नाय ना?" म्हणाली आणि समोरून आलेल्या बसमध्ये चढली.

आणखी एक. काल नारळ घेऊन मी एकटाच शिवेवर गेलो. गाऱ्हाणे सुरू केले, "बा राखणदारा" म्हटले आणि थांबलो. बाजूला "व्हय म्हाराजा" म्हणायला कोणी नव्हते. नारळ तसाच घरी आणला. ती कोणत्या बसने येते ते उलट टपाली कळव. मी शिवेवरच उभा राहतो, तिला तिथेच उतरायला सांग.