द्राक्षांची ओटी

आई, तुझी कंबर आता कशी आहे? बाबांचा दमा तिकडच्या हवेत तरी बसला का? आत्याला ऐकू येतं, की अजून सगळं दोनदा सांगावं लागतं? आणि तुझे जावई गेल्या श्रावणात तिकडे आले, त्यांच्या साखरेवर कुणीतरी लक्ष ठेवा. गोड दिसलं की हात जातोच त्यांचा. माझं म्हणशील तर बरं आहे. दुखत काही नाही. हात बराच वेळ अंगाखाली राहिला की मुंग्या यायच्या आधी कसा लाकडासारखा होतो, तशी सगळीच झाले आहे. जेवते, झोपते, मेलबर्नजवळच्या ट्रुगानिनातल्या या घराचं अंगण झाडते.

सूनबाईला सातवा लागलाय. रविवारी डोहाळजेवण. ती म्हणते, "आई, पहिली ओटी तुम्हीच भरायची. मला बाकी काही नको." मी "बघू" म्हटलं आणि भाजी चिरायला घेतली. मला माझं डोहाळजेवण आठवत होतं. बाबांना जाऊन वर्षही झालं नव्हतं. बाहेर बायका गाणी म्हणतायत, मी हिरव्या साडीत पाटावर, आणि तू स्वयंपाकघरात पाठमोरी, पुऱ्या तळतेस. मी आत येऊन म्हणते, चल, आधी तू भर. तू झारा हातात तसाच धरून म्हणालीस, "मला शहाणपणा शिकवू नकोस. माझा हात लागला आणि पुढं काही उणं-अधिक झालं, तर बोल कुणाला लागेल? जा, पाटावर बस." मी गेले. ओटी मामींनी भरली. आता तेच भय माझ्या पोटात येऊन बसलंय. बाकी काही जाणवत नाही, तेवढं जाणवतं.

परवा शनिवारी मैत्रिणींनी मला ओढून सायकलीवर नेलं. सायकल मी इथं साठीत शिकले, आपली आपणच, मागच्या मैदानात गुडघे फोडून घेत. तू असतीस तर म्हणाली असतीस, म्हातारीला चळ लागला. मेलबर्नपासून तीनेक तासांवर किंग व्हॅली म्हणून खोरं आहे. इटलीहून आलेल्या लोकांचे द्राक्षमळे, वाइन तिथंच करतात. सायकली गाडीवर बांधून नेल्या आणि मग दिवसभर पायडल मारत राहिलो. तोडणीचे दिवस, हवेत आंबूस वास. "काकू, जरा हळू, आमचे नवरे घरी वाट बघतायत," मागून आमच्यातली डेंटिस्ट ओरडली आणि लगेच तिनं जीभ चावली. मला काही लागलं नाही, खरंच. चढ आला की मांड्या भरून यायच्या, तेवढंच कळायचं.

दुपारी एका मळ्यावर पाणी भरून घ्यायला थांबलो. ओसरीत काळ्या कपड्यांतली एक आजी द्राक्षं निवडत बसली होती, माझ्याहून बरीच मोठी. तिचं इंग्रजी माझ्यासारखंच मोडकंतोडकं, म्हणून आमचं जमलं. आधी इथं सगळी तंबाखूच होती, म्हणाली; मला तुझी मिश्री आठवली. मग तिनं विचारलं, "नवरा?" मी बोट वर केलं. तिनं आपल्या काळ्या झग्याला हात लावला आणि तिनंही बोट वर केलं. "नातवंडं?" मी पोटापुढं हात गोल फिरवून दाखवला, येतंय म्हटलं. ती उठली. ओंजळभर द्राक्षं घेऊन माझ्यापुढं उभी राहिली. आई, माझ्या अंगात सायकलचा टी-शर्ट, पदर कुठला; तरी मी त्याचाच घेर पुढं धरून वाकले. हातांना सवय असते. तिनं आणखी एक ओंजळ घातली.

"अगं बाई, काकूंची ओटीच भरली की हिनं," आमच्याबरोबर आलेली शेजारीण म्हणाली. डेंटिस्टनं तिला कोपरानं ढोसलं. "ढोसतेस काय, दिसतंय तेच बोलतेय." आजीला काही कळेना. मी वाकून नमस्कार केला तेव्हा तर ती घाबरलीच, चक्कर आली समजून मला दंडाला धरून खुर्चीत बसवायला लागली.

मी रडेन म्हणून सगळ्या टपून बसल्या होत्या. रडू आलं नाही. पायरीवर बसून आम्ही ती द्राक्षं खाल्ली, बियांची, आंबटगोड. परतीच्या वाटेवर एवढंच मनात आलं, की तिला माझं सगळं कळलं होतं आणि तरी तिचा हात आखडला नाही. आणि तुझ्या हातची ओटी मला अजून हवीच आहे.

हे पत्र टाकायचं कुठं, ते काही मला माहीत नाही. तरी रविवारच्या आत उत्तर धाड. सुनेच्या ओटीला हात लावू नकोस असं तुझं म्हणणं असेल, तर तसं स्पष्ट लिही. काहीच आलं नाही तर मी होकार धरीन आणि भरीन. उत्तर येणार नाही, हे मला ठाऊक आहे. म्हणून तर तुलाच विचारतेय.